ओरडणाऱ्याला टेबलावर बसवा

शनिवारी सकाळी साडेनऊची बास्केटबॉलची मॅच. मिडल स्कूलच्या जिममध्ये भिंतीतून ओढून काढलेली लाकडी ब्लीचर्स, म्हणजे प्रेक्षकांच्या बसायच्या पायऱ्या, पालकांच्या हातात कॉफीचे मोठे ग्लास आणि कोर्टवर चौथी-पाचवीतल्या दहा मुली. त्यातली एक माझी, जर्सी जवळपास गुडघ्यापर्यंत आलेली. समोरच्या टीममधल्या एका मुलीने चेंडू छातीशी धरून तीन पावलं टाकली, चार म्हणा, आणि या नियमभंगाची, म्हणजे ट्रॅव्हलची, शिट्टी काही वाजली नाही. मी ओरडलो, "अरे, डोळे फुटले का तुझे?"

ओरडलो ते मराठीत. न्यू जर्सीत राहणाऱ्या आपल्या लोकांची ही जुनी सोय आहे. दुकानात भाव जास्त वाटला, लिफ्टमधल्या माणसाच्या अत्तराचा वास सहन होईना, की आपण बिनधास्त मराठीत शिरतो. रेफ, म्हणजे पंच, होता पंधरा-सोळा वर्षांचा हायस्कूलमधला पोरगा. त्याला अर्थातच काही कळलं नाही. तो पळत पळत दुसऱ्या टोकाला गेला आणि मॅच चालू राहिली.

परतताना गाडीत मागच्या सीटवरून प्रश्न आला. "बाबा, डोळे फुटले म्हणजे ब्लाइंड ना?"

"हो, तसंच काहीतरी."

"तो ब्लाइंड नाहीये. माझ्या फ्रेंडचा दादा आहे तो."

पुढे घरी पोहोचेपर्यंत ती काही बोलली नाही. त्या जिममध्ये शंभरेक माणसं असतील. माझं वाक्य समजणारी त्यात एकच होती, आणि ते तिला उद्देशून नव्हतंच.

ओरडणाऱ्या पालकांचा विषय निघाला की आपल्या मंडळींच्या डोळ्यांसमोर एक ठरावीक माणूस येतो. डोक्यावर बेसबॉलची टोपी, मान लाल झालेली, साइडलाइनवर उभा राहून पंचाच्या सात पिढ्या काढणारा. तो माणूस खरा आहे, आणि त्याच्यामुळे जे घडू शकतं तेही खरं आहे. जुलै २००० मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या रेडिंग या गावी मुलांच्या आइस हॉकीच्या सरावात धसमुसळेपणा चालला आहे यावरून दोन वडिलांचं वाजलं. एकाने दुसऱ्याला इतकं मारलं की तो गेला. वाद होता खेळातल्या हिंसेबद्दल, हे विशेष. मारणाऱ्याला २००२ मध्ये सहा ते दहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी न्यू जर्सीने कायदा केला. शाळांना आणि क्रीडा संस्थांना पालकांसाठी आचारसंहिता लावता येते, ती मोडणाऱ्याला सामन्यांना बंदी घालता येते आणि परत यायचं असेल तर राग आवरण्याचं समुपदेशन पूर्ण करून ये म्हणून सांगता येतं. सोळा वर्षांखालच्या मुलांसमोर अशा सामन्यात कुणी हात उगारला, तर साधी मारहाणही इथे वरच्या दर्जाचा गुन्हा ठरते.

म्हणजे कायदा आहे, आचारसंहिताही आहे. आमच्या लीगच्या रजिस्ट्रेशनमध्ये क्रेडिट कार्डाच्या रकान्याच्या जरा वर एक छोटा चौकोन असतो: 'मी पालकांची आचारसंहिता वाचली असून ती मला मान्य आहे.' मी सलग तीन वर्षं तो टिचकवला आहे. वाचली एकदाही नाही. डोळे फुटले का म्हणून विचारलं त्या दिवशीही ती मला मान्यच होती.

कागदावरच्या संहितेत खोट आहे ती इथेच. ती वाचणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की ही दुसऱ्यासाठी आहे. आपण कुठे शिव्या देतो? आपण कुठे रेफच्या अंगावर धावून जातो? आपण तर शिकलेसवरलेले, पांढरपेशे, मुलांच्या अभ्यासाकडे लक्ष देणारे लोक. मग आपण करतो काय? मुलीच्या प्रत्येक हालचालीवर धावतं समालोचन करतो. "पास कर, पास कर! अगं तिकडे नाही! शूट! कशाला शूट केलंस!" तिचा कोच बिचारा स्वतःचा शनिवार मोडून फुकट शिकवायला आलेला असतो. तो सांगतो डावीकडे, आपण सांगतो उजवीकडे आणि दहा वर्षांची मुलगी मधल्या मध्ये थिजते. याला कुणी गैरवर्तन म्हणत नाही, संहितेत याचं कलमही नसतं. मी मात्र यालाच पहिल्या नंबरचं गैरवर्तन म्हणेन, कारण ते दर मिनिटाला घडतं आणि करणाऱ्याला वाटतं आपण मदत करतोय.

आरडाओरड होते त्यातला बराचसा भाग अज्ञानाचा असतो, हे मला फार उशिरा कळलं. ब्लीचर्सवरून सगळ्यात जास्त ऐकू येणारी आरोळी म्हणजे 'ओव्हर द बॅक!' उंच मुलीने बुटक्या मुलीच्या मागून हात वर करून रिबाउंड, म्हणजे रिंगवरून उसळलेला चेंडू, घेतला की अर्धी जिम हे ओरडते. अमेरिकेतल्या हायस्कूल बास्केटबॉलच्या नियमपुस्तकात या नावाचा फाउलच नाही. धक्का लागला तर फाउल, नाही लागला तर ती मुलगी उंच आहे एवढंच. दुसरी आवडती आरोळी 'रीच!' हात पुढे करणं हाही फाउल नाही, हात लागायला हवा. आणि चेंडूवर असलेल्या हाताला लागला तर तोही फाउल नाही, कारण चेंडू धरलेला हात नियमाने चेंडूचाच भाग समजतात. हे सगळं आम्ही कुठून शिकलो? टीव्हीवर रात्री एनबीएचे व्यावसायिक सामने बघून. तिथले नियम वेगळे, खेळाडू वेगळे, आणि पंचांच्या मदतीला रिप्ले. इथे दोन शाळकरी पोरं आणि एक शिट्टी. कधी कधी एकच पोरगं, कारण दुसरं आलेलंच नसतं.

आणि ते का आलेलं नसतं, हा या प्रकरणातला सगळ्यात महागडा भाग आहे. पंचांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१७ मध्ये सतरा हजारांहून अधिक पंचांना विचारलं, सर्वात जास्त त्रास कुणाचा? जवळपास ४० टक्के जणांचं उत्तर होतं, पालकांचा. कोच आणि बाकीचे प्रेक्षक त्यांच्या मागे. हायस्कूल खेळांच्या राष्ट्रीय महासंघाच्या हिशेबाप्रमाणे २०१८-१९ नंतरच्या काही वर्षांत सुमारे पन्नास हजार पंचांनी शिट्टी खाली ठेवली. साथीचा काळ हे त्याचं एक कारण होतंच. पण पंधरा वर्षांचा मुलगा चार पैसे मिळतात म्हणून येतो, तीन शनिवार मोठ्या माणसांचं ऐकून घेतो आणि चौथ्या शनिवारी किराणा दुकानात काम धरतो, याला विषाणूची गरज नसते. तिथे निदान गिऱ्हाईक टोमॅटोवरून त्याच्या दृष्टीची चौकशी करत नाही.

मग करायचं काय? नेहमीचे तीन उपाय सांगितले जातात.

पहिला दंडाचा. नियमपुस्तकात तशी सोय आहे. प्रेक्षकांना आवरणं हे यजमानांचं काम, आणि समर्थकांच्या वागण्याने खेळ नीट चालेनासा झाला तर पंच त्या टीमवर फाउल देऊ शकतात. असा फाउल, टेक्निकल म्हणतात तो, दिला की समोरच्यांना दोन फ्री थ्रो आणि वर चेंडू. म्हणजे तोंड सुटलं बापाचं आणि किंमत मोजली पोरींनी. पंचांना हे जपून वापरायला सांगितलेलं असतं ते बरोबरच आहे.

दुसरा उपाय मौनाचा. १९९९ मध्ये ओहायोत क्लीव्हलँडच्या परिसरातल्या मुलींच्या सॉकर लीगने एक रविवार 'सायलेंट संडे' म्हणून पाळला. पालकांनी तोंडातून शब्द काढायचा नाही. कल्पना लोकांना आवडली, पुढे बऱ्याच ठिकाणी उचलली गेली. मला ती एकादशीच्या उपासासारखी वाटते. एक दिवस साबुदाणा, दुसऱ्या दिवशी पुन्हा मिसळ. शिवाय बंद जिममध्ये मुलीने आयुष्यातली पहिली बास्केट टाकावी आणि शंभर माणसांनी मख्ख बसावं, ही शिक्षा आम्हाला नाही, तिला आहे. माझं भांडण आवाजाशी नाहीच.

तिसरा उपाय माझ्याच राज्यातला. डेप्टफर्ड या गावच्या लिटल लीग बेसबॉलमध्ये २०२३ साली दोन स्वयंसेवक अंपायर पालकांच्या बोलण्याला कंटाळून सोडून गेले. लीगने नियम काढला की जो पालक अंपायरला नको ते बोलेल त्याला मैदानावर बंदी, आणि परत यायचं असेल तर आधी तीन सामन्यांत स्वतः अंपायर म्हणून उभं राहायचं. बातमी देशभर गेली. मला वाचून हसू आलं आणि मग वाटलं, या लोकांनी बरोबर जागी बोट ठेवलं आहे, फक्त घाई झाली, किंवा उशीर झाला म्हणा. काम ही शिक्षा म्हणून दिली की माणूस ती भोगतो, शिकत काही नाही. आणि आधीच भडकलेल्या माणसाच्या हातात शिट्टी देऊन त्याला मुलांमध्ये उभं करणं मला तरी धोक्याचं वाटतं. तेच काम आधी द्या. सगळ्यांना द्या. शिट्टीचं नको, टेबलाचं द्या.

माझं म्हणणं एवढंच आहे की रेक लीगमध्ये, म्हणजे आमच्यासारख्या गावच्या हौशी लीगमध्ये, मूल घालणाऱ्या प्रत्येक घरातल्या एका मोठ्या माणसाने सीझनमध्ये किमान दोन मॅचना स्कोअररच्या टेबलावर बसलंच पाहिजे. तो चौकोन टिचकवण्याऐवजी हे.

मी बसलो ते नाइलाजाने. नेहमीच्या बाई आजारी पडल्या आणि कोचने माझ्याकडे बघितलं. टेबलावर तीन कामं असतात: घड्याळ, पुस्तक आणि बाण. घड्याळ म्हणजे शिट्टीबरोबर थांबवायचं आणि पुन्हा चालू करायचं. पुस्तक म्हणजे कुणी किती टाकले, कुणाचे फाउल किती. प्रत्येक नावापुढे पाच खुणांची जागा, पाचवी भरली की खेळाडू बाहेर. बाण म्हणजे दोघींनी एकाच वेळी चेंडू पकडला तर तो कुणाला द्यायचा हे दाखवणारी लाल प्लॅस्टिकची खूण. आळीपाळीने मिळतो, म्हणून एका टीमला दिला की बाण दुसरीकडे फिरवून ठेवायचा. ऐकायला पोरखेळ वाटतो. पहिल्या पाच मिनिटांत मला घाम फुटला होता.

टेबल असतं बरोबर मध्यरेषेसमोर, कोर्टाच्या काठाला. तिथून रेफ एखाद्या सहकाऱ्यासारखा दिसतो, कारण तो दर फाउलला तुमच्याकडे चालत येतो, तुमच्या डोळ्यांत बघतो आणि बोटांनी आकडा दाखवतो. त्या दिवशीचा पोरगा आकडा दाखवताना आवंढा गिळत होता, कारण माझ्या मागे ब्लीचर्स होती आणि त्याच्या समोर. हाफटाइमला मी त्याला विचारलं, ट्रॅव्हल इतके कसे सुटतात रे? तो म्हणाला, आम्हाला शिकवलंय की बचाव करणाऱ्या मुलीकडे बघायचं, फाउल तिच्याकडूनच होतो. तिच्या हाताकडे बघताना दुसरीचे पाय निसटतात. दोन पंच असले तर एक पाय बघतो. आज मी एकटा आहे.

एवढं साधं उत्तर होतं. तीन वर्षं शंभर फुटांवरून ओरडून जे कळलं नव्हतं ते दोन मिनिटांत कळलं.

आणखी एक गोष्ट. टेबलावरचा माणूस पंचांच्या बाजूचा धरला जातो, त्याने कुणासाठी टाळ्या वाजवायच्या नसतात. दुसऱ्या हाफमध्ये माझ्या मुलीने डाव्या बाजूने चेंडू टाकला आणि तो रिंगवर दोनदा आपटून आत गेला. मी तिच्या नावापुढे दोनचा आकडा लिहिला, बेरजेच्या ओळीत टीमच्या नव्या एकूण गुणांवर खूण केली आणि हात मांडीखाली दाबून बसलो. तिने माझ्याकडे बघितलं. मी पुस्तकात बघितलं. त्या वेळी पहिल्यांदा मला समोरच्या टीमच्या मुलींची नावं माहीत होती, कारण मीच ती लिहिली होती. ज्या मुलीचं नाव आपण स्वतःच्या अक्षरात लिहिलंय तिच्या नावाने खडे फोडणं जरा अवघड जातं.

बास्केटबॉलच्या जन्मकथेत हेच शहाणपण आहे. डिसेंबर १८९१ मध्ये, त्याच मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्डला, जेम्स नेस्मिथ नावाच्या व्यायामशिक्षकाने थंडीत जिममध्ये अडकलेल्या दांडगट पोरांसाठी हा खेळ काढला. बाल्कनीला पीचच्या टोपल्या टांगल्या आणि सोडलं पोरांना. १९३९ साली रेडिओवर त्याने स्वतःच सांगितलं की पहिल्याच खेळात तुंबळ मारामारी झाली, डोळे काळेनिळे झाले, एकाचा खांदा निखळला. नेस्मिथने त्या पोरांना सुस्वभावावर प्रवचन दिलं असेलही, पण खेळ वाचला तो नियमामुळे: चेंडू हातात घेऊन पळायचं नाही. पळणं थांबलं तसं पळणाऱ्याला आडवं पाडण्याचं कारणच संपलं. माझ्या नाकासमोर सुटलेला ट्रॅव्हल तो हाच नियम, हा योगायोग मला नंतर लक्षात आला.

यावर आक्षेप येतील, त्यातले काही रास्त आहेत. शनिवारी ड्यूटी असलेली नर्स, एकटीने तीन मुलं वाढवणारी आई, यांच्यावर आणखी एक ओझं कशाला? मान्य. म्हणून मी 'घरातलं एक मोठं माणूस' म्हणतो. आपल्याकडे सहा महिने व्हिसावर आलेले आजी-आजोबा असतात. पस्तीस वर्षं बँकेत खतावणी लिहिलेला आजोबा दुपारी टीव्हीसमोर पेंगत असतो. त्याच्यासारखा स्कोअरर अख्ख्या काउंटीत मिळायचा नाही. नियम समजावायला अर्धा तास पुरतो, आणि इंग्रजी आकड्यांपुरतंच लागतं. आणि ज्यांना खरंच शक्य नाही त्यांना सोडा. खेळाच्या नावाखाली आपण एरवी मॅचनंतरच्या संत्र्याच्या फोडी आणायच्या पाळ्या लावतोच की.

दुसरा आक्षेप असा की मुलांना जगात पुढे दबाव सोसायचाच आहे, थोडा आरडाओरडा ऐकला तर काय बिघडलं? हे म्हणणारे बहुतेक वेळा स्वतः असा दबाव सोसून मोठे झालेले नसतात. माझे वडील माझी एकही मॅच बघायला आले नाहीत. मी तालुक्यापर्यंत खो-खो खेळलो. घरी आल्यावर प्रश्न एकच, हातपाय धुतलेस का. त्यात त्यांचा काही थोरपणा नव्हता, त्यांना ऑफिस होतं आणि खो-खोत त्यांना काडीचा रस नव्हता. पण हरलो तर ते हरणं माझं एकट्याचं होतं, कुणाच्या चेहऱ्याकडे बघायला लागत नव्हतं. आज तिकडेही चित्र बदललंय. महाराष्ट्रात खेळाडूंना दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत, सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे. त्यामुळे मैदानाच्या कडेला बापाचा आवाज चढतो तेव्हा त्याच्या मागे निदान काही हिशेब असतो. तो हिशेब पुढे खोट्या प्रमाणपत्रांपर्यंत आणि जन्मतारखा बदलण्यापर्यंत जातो हे वेगळं, आणि तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. इथे आमच्या रेक लीगमध्ये हिशेब कसला? शेवटी सगळ्यांना सारखंच पदक मिळतं. हायस्कूलच्या टीममध्ये खेळणाऱ्या मुलांतली मोजकीच पुढे कॉलेजच्या टीममध्ये पोहोचतात, आणि आमच्या मुली तर हायस्कूलपासूनच चार वर्षं लांब आहेत. पणाला काही लागलेलं नसताना आपण का ओरडतो, याचं प्रामाणिक उत्तर मला अजून देता येत नाही. फीचे पैसे वसूल करायची सवय असेल. किंवा आठवडाभर मीटिंगमध्ये म्यूटवर बसलेल्या माणसाला शनिवारी माइक सापडतो.

एका गोष्टीवर माझा उपाय चालत नाही, हेही सांगून टाकतो. घरी परतीचा तो वीस मिनिटांचा प्रवास. तिथे रेफ नाही, टेबल नाही, आणि गाडी चालवणारा मी. आपला समाज जिममध्ये ओरडत नसेल इतका या गाडीत बोलतो, शांत आवाजात, मुद्देसूद, एक्सेल शीट उघडल्यासारखा. "तिसऱ्या क्वार्टरमध्ये तू पास का दिला नाहीस? ती बघ, ती कशी पळत होती." त्या 'ती बघ'ने जेवढं नुकसान होतं तेवढं टोपीवाल्या गोऱ्या बापाच्या आरोळीने होत नसावं. टेबलावर बसल्यापासून माझ्यात एवढाच फरक पडला की पुस्तक माझ्याकडे असल्यामुळे मुलगीच विचारते, आज माझे फाउल किती? मी सांगतो, तीन. ती म्हणते, तिसरा फाउल नव्हताच. आणि मग मला रेफची बाजू मांडायला लागते, तीही मराठीत.

गेल्या महिन्यात मी लीगच्या बैठकीत हा प्रस्ताव मांडला. अर्ध्या लोकांना पटला, अर्ध्यांनी फोनकडे बघितलं, आणि पुढच्या सीझनला एका वयोगटात करून बघू असं ठरलं. तोवर नमुना म्हणून मीच बसतोय. परवा चौथ्या क्वार्टरमध्ये, दोन गुणांचा फरक असताना, दोघींनी चेंडू धरला, शिट्टी वाजली, रेफने टेबलाकडे बघितलं, आणि बाण मागच्याच वेळचा, न फिरवलेला. चेंडू चुकीच्या टीमला निघाला. दोन्हीकडची ब्लीचर्स एकदम उठली. त्या गदारोळात एक आवाज मला स्वच्छ ऐकू आला, कारण तो मराठीत होता आणि माझ्या बायकोचा होता.

"अहो, बाण! बाण फिरवा! डोळे फुटले का?"